विचार करावा

पडद्यावर दिसतोय तो उच्च न्यायालयाच्या आदेशाचा शेवटचा परिच्छेद. कोपऱ्यात विद्यापीठाच्या आवक विभागाचा जांभळा शिक्का आणि त्यात पेनानं भरलेली तारीख. विद्यापीठातल्या नियुक्तीसाठी खटला लढून जिंकलेला उमेदवार ही प्रत जिवापाड जपतो, ती या शिक्क्यासाठी. आदेश विद्यापीठाला कधी पोचला, याचा हा पुरावा.

आता या परिच्छेदातलं क्रियापद बघा. आदेश इंग्रजीत असतो, पण मराठीत सांगायचं तर प्रश्न एवढाच: ‘नियुक्ती द्या’ म्हटलंय, की ‘नियुक्तीचा विचार करा’?

‘नियुक्ती द्या’ असेल, तर पळवाट फारशी उरत नाही. ‘विचार करा’ असेल, तर फाईल फिरू लागते. कुलसचिवांकडून विधी अधिकाऱ्याकडे, तिथून बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याची नोंद, तपासायला, मग व्यवस्थापन परिषदेपुढे. शेवटी दोन ओळींचं पत्र येतं: आपल्या प्रकरणाचा विचार केला, मागणी मान्य करता येत नाही. आदेश पाळला नाही म्हणून उमेदवार न्यायालयात अवमान याचिका घेऊन जातो, तेव्हा विद्यापीठाचे वकील म्हणतात, आदेशाचं पालन झालंय. आणि कायदा बऱ्याचदा त्यांच्या बाजूनं उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये परिहार प्रकरणात सांगितलं, की निर्देशानुसार नवा निर्णय एकदा झाला, की तो बरोबर की चूक हे अवमानाच्या कार्यवाहीत तपासता येत नाही. त्यासाठी नवी याचिका करायची. म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर.

म्हणून मूळ निकालातच निष्कर्ष स्पष्ट हवेत. ‘या निष्कर्षांप्रमाणे विचार करा’ आणि नुसतं ‘विचार करा’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उमेदवाराच्या वकिलानं त्या दिवशी कोर्टातच हे मागून घ्यायला हवं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

1971 च्या न्यायालय अवमान कायद्यात दिवाणी अवमान म्हणजे आदेशाचा हेतुपुरस्सर भंग. नुसता उशीर पुरत नाही, हेतू दिसावा लागतो. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माफी मनापासूनची वाटली, तर न्यायालय शिक्षा माफही करू शकतं.

यात सगळ्यात घात करणारं वाक्य ऑफिसच्या खिडकीवर ऐकू येतं: ‘आम्ही अपील केलंय, थांबा.’ अपील दाखल झालं म्हणून आदेश थांबत नाही. त्यासाठी स्थगिती मिळवावी लागते. पण उमेदवार विश्वास ठेवतो, थांबतो, आणि याच अवमान कायद्याच्या कलम 20 मधलं एक वर्ष सरत जातं. त्या मुदतीनंतर अवमानाची कार्यवाही सुरू करता येत नाही. खिडकीवर विचारायचं ते हेच: स्थगितीच्या आदेशाची प्रत दाखवता का?

कधी कधी कुलसचिवांना जातीनं हजर राहण्याची नोटीस निघते आणि सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी नियुक्तीपत्र हातात पडतं. तळाशी एक ओळ असते: अपिलाच्या निकालाच्या अधीन राहून. अवमान याचिका निकाली निघते.

उमेदवार रुजू अहवाल लिहितो: आज रोजी मध्यान्हपूर्व रुजू झालो. सेवापुस्तकाचं पहिलं पान याच तारखेपासून सुरू होतं. जांभळ्या शिक्क्यावरची तारीख त्यात कुठेच नसते.