हलणारा दात काढायच्या आधी

नमस्कार मंडळी. आज हिरड्यांबद्दल बोलूया. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून आमच्याकडे नाशिकला पेशंट येतात ना, त्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच, "डॉक्टर, दात हलतोय, काढूनच टाका." दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, ब्रश करताना रक्त आलं की ब्रशच बंद आणि मिश्री सुरू, तोवर हिरडीखाली कीटण साठतं, सूज येते आणि त्या सुजेपायी दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं.

हे गेलेलं हाड नुसत्या साफसफाईने परत येत नाही. पण काही दातांना ते बऱ्यापैकी परत आणता येतं, आणि हेच लोकांना माहीत नसतं!

आधी खोल साफसफाई करतो, मग काही आठवड्यांनी खुणा केलेली बारीक सळई हिरडीत घालून मोजतो. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर जाते. ६-७ गेली आणि एक्सरेत मुळाशेजारी उभा खड्डा दिसला तर ऑपरेशनचा विचार. जागा बधिर करायची, हिरडी उघडायची, मूळ स्वच्छ खरवडायचं आणि खड्ड्यात बोन ग्राफ्टचे दाणे भरायचे. हे दाणे कधी पेशंटच्याच हाडाचे, कधी प्रक्रिया केलेल्या गायीच्या हाडाचे, कधी पूर्ण कृत्रिम. प्राण्याचं चालत नसेल तर आधीच सांगा, संकोच करू नका, कृत्रिम मिळतात.

वर एक पातळ पडदा घालतो, मेंब्रेन. गोम अशी की हिरडी भराभर वाढते आणि हाड सावकाश, मग हिरडीच आधी खड्ड्यात उतरली तर हाडाला जागाच उरत नाही, म्हणून तिला अडवायचं. १९८२ साली स्वीडनमध्ये नीमन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या दातावर हे करून दाखवलं, पडदा म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतला फिल्टर वापरला होता. हल्ली पेशंटचंच थोडं रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातला पिवळसर, लिबलिबीत थर काढतात, पीआरएफ म्हणतात त्याला, तोही वापरतात.

सगळ्यांना हे लागू पडत नाही हो. खड्ड्याला दोन-तीन बाजूंनी हाडाच्या भिंती हव्यात, सगळीकडून हाड सपाट खाली गेलं असेल तर बांध नसलेल्या वाफ्यात पाणी टिकत नाही तसा ग्राफ्ट टिकत नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट चालू असेल किंवा शुगर वाढलेली असेल तर जखमच नीट भरत नाही. मिश्रीचं मी कळकळीने सांगतोय, घरातल्या आजीला, मावशीला समजवा. आणि दाखवायचं कुठे विचाराल तर आपल्या पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे.

ऑपरेशननंतर काही आठवडे त्या जागी ब्रश नाही, औषधाच्या पाण्याने चुळा भरायच्या, मग साधारण दर ३ महिन्यांनी साफसफाई. हाड किती भरलं ते ६ महिने ते वर्षाने एक्सरेत दिसतं, त्याआधी घाई करून उपयोग नाही.