आधी गार करा, मग ॲम्ब्युलन्समध्ये घाला

नमस्कार मंडळी. आज मॅरेथॉनबद्दल बोलायचंय, पण पळणाऱ्यांशी कमी आणि रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत उभ्या असणाऱ्या तुमच्याआमच्याशी जास्त, कारण कोणी कोसळलं की डॉक्टरच्या आधी आपणच तिथे असतो.

मुंबईत फुल मॅरेथॉनवाल्यांना पेडर रोडचा चढ लागतो तो जवळजवळ 35 किलोमीटर पळून झाल्यावर. जानेवारी असला तरी ऊन वर आलेलं असतं, हवा दमट, घाम वाहतो पण सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग गार होणार कसं? तिथे मी पाणी वाटत होतो तेव्हा एकजण झोकांड्या खात टेबलापाशी आला, मी विचारलं, दादा, नाव काय तुमचं? तर म्हणतो, "झालं ना, मेडल कुठंय?" फिनिश लाइन अजून कितीतरी लांब होती हो.

असं असंबद्ध बोलणं म्हणजे उष्माघात समजूनच चालायचं. आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू भाजत असतो. अंग कोरडं पडायची वाट बघू नका, हा माणूस घामाने निथळत होता. सावलीत आडवं केलं, शर्ट काढला, बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल डोक्यापासून पायापर्यंत टाकले आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी बदलत राहिलो. टब असेल तर गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवणं सगळ्यात भारी, नाहीतर ताडपत्री चौघांनी झोळीसारखी धरायची आणि त्यात बर्फ-पाणी ओतायचं, डोकं मात्र वर धरायचं. 108 ला फोन लगेच करा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, पहिल्या अर्ध्या तासात अंग गार झालं तर माणूस वाचतो. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही. काही वेळाने त्याने स्वतःचं नाव सांगितलं ना, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

फिनिश लाइन ओलांडून मग चक्कर येऊन पडला आणि नीट बोलतोय, तर बहुतेक वेळा एवढं घाबरायचं नसतं. पळणं अचानक थांबतं, रक्त पायात साचतं, आडवं करून पाय उंच ठेवले की बरं वाटतं.

आणि प्लीज, दिसला पडलेला की ओत पाणी तोंडात, हे करू नका. बेशुद्ध माणसाच्या तर अजिबात नाही. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 जणांपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं होतं, तेही मुख्यतः जास्त पाणी प्यायल्यामुळे. डोकं दुखतंय, उलट्या होतायत, बोटं सुजलीयत, तर पाणी थांबवा आणि मेडिकल टेंटकडे न्या.

हाक मारून हलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर मग विचार करत बसायचं नाही, छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि कोणालातरी एईडी मशीन, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला पळवा.

त्या दादांच्या बिबची, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाची, मागची बाजू कोरी होती, घरच्यांचा नंबर नाही, रक्तगट नाही. तुम्ही या रविवारी पळणार असाल तर ती आज रात्रीच भरून ठेवा, बॉलपेनने, शाईच्या पेनाने लिहिलं तर घामाने फिसकटतं.