काळ्या मेंदीचं पाकीट

(दृश्य : म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. दोरीला टांगलेल्या केसांच्या रंगाच्या पाकिटांच्या माळा.)

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की म्हापशाच्या बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान येतं, आणि घरोघरी केस रंगवायचा दिवस ठरतो. दहा-वीस रुपयांचं पाकीट. वर हिरव्या पानाचं चित्र, खाली मोठ्या अक्षरांत 'हर्बल', 'काळी मेंदी'. बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांना होतं, त्यांनाही लगेच होत नाही. रविवारी रंग लावला तर सोमवारी, नाहीतर मंगळवारी कानामागे खाज सुटते. कपाळाच्या कडेने पुरळ उठतं, टाळूतून पाणी झिरपतं, आणि सकाळी पापण्या इतक्या सुजतात की डोळे उघडत नाहीत. तोवर पाकीट कचऱ्यात गेलेलं असतं. कधी कधी कचऱ्याची गाडीही येऊन गेलेली असते.

नुकसानभरपाई मागायची तर त्या रिकाम्या पाकिटाइतकं मोलाचं घरात दुसरं काही नसतं.

(दृश्य : मेंदीची वाटलेली पानं, शेजारी काळी पूड.)

मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तपकिरी. नुसत्या पानाने केस काळेभोर होत नाहीत. झटपट काळा रंग येतो तो बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायमाइन या रसायनामुळे. डॉक्टर त्याला पीपीडी म्हणतात. हे रसायन वर्षानुवर्षं निमूट सोसलेल्या शरीराला एक दिवस अचानक चालेनासं होतं, आणि एकदा चालेनासं झालं की सहसा जन्मभर चालत नाही. कळंगुट, बागा भागात पर्यटकांच्या दंडावर काळी नक्षी काढून देतात, तिच्यातही पीपीडी असू शकतं. हौसेने काढलेल्या त्या नक्षीने शरीर बिथरलं, तर पुढे कधीतरी केसांना रंग लावल्यावर चेहरा सुजतो. दोन्हींचा संबंध जोडायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता कायद्याकडे येऊ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. मालामुळे शरीराला इजा झाली तर उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा, यांच्याकडून भरपाई मागायचं स्वतंत्र प्रकरणच त्यात आहे. इजेसोबत होणारा मनस्तापही त्यात धरला आहे. पाकीट नवऱ्याने आणलं आणि वापरलं बायकोने, तरी ती ग्राहकच. पार्लरमध्ये रंगवले असतील तर पार्लरवालीलाही उत्तर द्यावं लागतं. म्हणून तिथेही बिल मागायला संकोच करू नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. ॲलर्जी आली म्हणजे माल सदोष, असं आपोआप ठरत नाही. कंपनीचा वकील उभा राहून पहिलं वाक्य हेच म्हणणार, की लाखो लोक वापरतात, यांच्याच अंगाला चाललं नाही, त्यात आमचा काय दोष? दुसरं वाक्य असेल, की वापरण्याआधी चाचणी घ्या असं आम्ही लिहिलं होतं, यांनी घेतली का? या दोन वाक्यांपुढे पुष्कळ माणसं तिथेच गप्प होतात. उत्तर मात्र पाकिटावरच सापडतं.

(दृश्य : पाकिटाची मागची बाजू, अगदी जवळून. अक्षरं भिंगाखाली.)

पीपीडी असलेल्या केसांच्या रंगावर इशारा छापणं नियमाने सक्तीचं आहे. काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो. आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून चोवीस तास थांबावं. पापण्या-भुवयांना लावू नये, डोळ्यांना धोका आहे. हे सगळं इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत असायला हवं. आता आपल्या हातातलं पाकीट पाहा. इशारा आहे का? वाचता येईल एवढा आहे का? की मोठ्या डब्यावर होता, आणि गाड्यावर सुटी विकलेली पुडी कोरीच होती? पुरेसा इशारा आणि वापराची नीट माहिती न देणं, हे ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं एक कारण आहे.

त्याहून पक्की बाजू 'हर्बल'ची. पाकिटावर 'रसायन नाही' असं छापलं आणि आत पीपीडी निघालं, तर कंपनीने दिलेली हमीच खोटी ठरली. अशा वेळी आमच्याकडून हलगर्जी झाली नव्हती, असं सिद्ध करूनही उत्पादकाला सुटता येत नाही. आमच्या मते 'हर्बल' मेंदीच्या तक्रारीत सगळा जोर इथेच लावावा.

पण आत पीपीडी होतं, हे दाखवायचं कसं?

(दृश्य : बांबोळी. रुग्णालयाकडे वळणारी वाहनं.)

तोंड सुजलेलं असताना काढलेले तारीखवार फोटो आधी. मग डॉक्टर. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा, नाहीतर खासगीत, पण पाकीट सोबत न्या आणि केसपेपरवर उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, लावल्याची तारीख लिहून घ्या. नुसतं 'त्वचेला ॲलर्जी' एवढ्यावर पुढे काही उभं राहत नाही. पुरळ ओसरल्यावर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घेता येते. पाठीवर पट्ट्या लावतात, प्रत्येकीत वेगवेगळ्या पदार्थाचा ठिपका. दोन दिवस आंघोळीचं पाणी पाठीवर घ्यायचं नाही, घाम येईल असं काम नाही. गोव्याच्या उकाड्यात ते दोन दिवस जिवावर येतात. अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढून बघतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. पीपीडीच्या ठिपक्याखाली लाल, फुगीर चट्टा उठला, की तुमच्या शरीराची साक्ष कागदावर आली.

राहिली पाकिटाची साक्ष. अन्न आणि औषध प्रशासनाचं कार्यालयही बांबोळीलाच आहे. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा, त्याच्या कलम २६ प्रमाणे कुणाही माणसाला विकत घेतलेलं प्रसाधन, ठरलेली फी भरून, सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देता येतं आणि त्याचा सहीचा अहवाल मिळवता येतो. ही वाट इतकी कमी लोकांना ठाऊक आहे याचं वाईट वाटतं. फोडलेलं पाकीट दिलं तर तुम्हीच काहीतरी मिसळलं म्हणतील. म्हणून त्याच दुकानातून त्याच बॅचचं न फोडलेलं पाकीट बिलासकट घेऊन ठेवावं. वापरलेलं वेगळं, कोरं वेगळं. तक्रार ज्याच्याकडे करायची तो ग्राहक आयोगही नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

(दृश्य : पर्वरी. सरकारी इमारतीचा जिना.)

जिल्हा ग्राहक आयोग उत्तर गोव्यासाठी पर्वरीत, दक्षिण गोव्यासाठी मडगावात. कंपनी मुंबईची असो नाहीतर दिल्लीची, तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार नोंदवता येते. मोबाइलवरून मागवलेल्या मालालाही हेच लागू. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. म्हणजे वीस रुपयांच्या पाकिटाची तक्रार विनाफीच होते, भरपाई कितीही मागितली तरी. वकील असलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची.

कितीही मागा, पण मागाल त्याचा हिशेब द्या. दिल्लीतल्या एका आलिशान हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापले म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई दिली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली आणि नुकसानीचा पुरावा बघून पुन्हा ठरवा म्हणून प्रकरण परत पाठवलं. हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहणाऱ्या मुलीचा चेहरा महिनाभर सोललेला राहिला, तर तिचा पगार बुडतो. हे सांगून भागत नाही. रजेचे अर्ज, पगाराच्या स्लिपा, औषधांची फार्मसीतली बिलं, बांबोळीच्या खेपांचा खर्च, सगळं जोडावं लागतं.

तक्रारीचा वास लागला की कंपनीचा फोन येऊ शकतो. पैसे परत देतो, नवीन माल पाठवतो, फक्त या कागदावर सही करा. बोलणी करायला हरकत नाही, आयोगातसुद्धा मध्यस्थीची सोय आहे. पण 'यापुढे काही मागणं नाही' असं लिहिलेल्या कागदावर, जखम भरायच्या आधी, सही करू नका. चट्टे राहणार की जाणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं.

निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धीर धरावा लागतो. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला अपील करायचं असेल, तर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे जावं लागतं, आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.