बारवेचं साल आणि नववीचा विकी

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेचा प्रकल्प म्हटलं की घराघरांत काय होतं, ते मी सांगायला नको. रविवारी रात्री आठला आठवण होते. दुकान बंद व्हायच्या आत बाबा चित्रांचा तक्ता आणायला धावतात, आई कापून चिकटवते, आणि चिरंजीव शेवटी पुठ्ठ्यावर स्वतःचं नाव घालतात. गटाचा प्रकल्प असेल तर एकजण लिहितो आणि बाकीचे तिघे शाई-डिंकाचे पैसे देतात. गुण चौघांना सारखेच. यावर एक चांगला उतारा आहे, त्याच्याबद्दल आज बोलू. वर्गाचा विकी.

विकिपीडिया तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजीत तो २००१ च्या जानेवारीत सुरू झाला, मराठीत १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनालाच. पण विकी ही चीज त्याच्याही आधीची. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकी प्रोग्रामरनं १९९५ साली पहिला विकी चालू केला. ज्ञानकोश वगैरे काही त्याच्या डोक्यात नव्हतं. आपल्या धंद्यातल्या मंडळींनी आपापले अनुभव एका ठिकाणी लिहावेत, दुसऱ्यानं ते सुधारावेत, एवढंच. म्हणजे मूळ विकी हा ओळखीच्या माणसांचाच कारभार होता, आणि वर्ग म्हणजे तरी दुसरं काय?

विकी म्हणजे असा फळा, की ज्यावर वर्गातला कोणीही लिहील, कोणीही पुसेल, आणि पुसलेलं मात्र पुन्हा बघता येईल. कोणी बदललं, कधी बदललं, काय बदललं, याची नोंद राहते. हे तीन शब्द लक्षात ठेवा: कोणी, कधी, काय.

बाकीचं मी एका गोष्टीतूनच सांगतो. ही गोष्ट सांगायला मला फार आवडते, त्यामुळे वेळ थोडा इकडेच जाईल.

नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, आणि मराठवाडा यांच्या शिवेवर एक गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेत माझे एक मित्र इतिहास-भूगोल शिकवतात. शाळेत संगणकांची खोली आहे, इंटरनेट मात्र आलं तर आलं. सरांच्या भाच्यानं एका जुन्या संगणकावर डोकुविकी नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसवून दिली आणि बाकीचे संगणक त्याला वायरनं जोडले. नववीच्या वर्गानं आपल्या गावाचा विकी लिहायचा ठरला. एक पान यात्रेचं, एक ओढ्याचं, एक गावातल्या आडनावांचं. आणि एक पान बारवेचं.

गावाबाहेर दगडी बारव आहे. तीन बाजूंनी पायऱ्या, आत दोन कोनाडे, एका कोनाड्याच्या वर शिलालेख. कोणा उत्साही मंडळानं त्या लेखावर पांढरा ऑइल पेंट फासलाय. जाता जाता बोलून घेतो: जुन्या दगडाला रंग लावणाऱ्यांचा उत्साह मला कधी कळलेला नाही. मंदिराच्या हेमाडपंती खांबांना गुळगुळीत फरशा चिकटवणारे त्यांचेच भाऊबंद. असो.

पुढच्या बाकावरच्या एका मुलानं पानावर लिहिलं, ‘ही बारव १७३० साली बांधली.’ मागच्या बाकावरच्या दुसऱ्यानं ते खोडून लिहिलं, ‘ही बारव १७७० साली पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी बांधली.’ पहिल्यानं ते खोडलं. दुसऱ्यानं परत घातलं. पानाचा इतिहास उघडला की ही सगळी लढाई ओळीनं दिसते. बुधवारी तिसऱ्या तासाला १७३०, कारण म्हणून लिहिलंय ‘बरोबर केले’. बुधवारी मधल्या सुट्टीत १७७०, कारण ‘परत बरोबर केले’. गुरुवारी पुन्हा १७३०, कारण ‘आता कोणी हात लावू नये’.

मग तक्रार आली. ‘सर, ह्यानं माझं खोडलं.’ ‘सर, आधी त्यानं खोडलं.’

सरांना उत्तर सांगता आलं असतं. त्यांनी ते सांगितलं नाही. पान कुलूपबंद केलं आणि म्हणाले, ‘चर्चेच्या पानावर या. येताना पुरावा आणा.’ आता बघा, वहीत हे झालं असतं तर ज्याचं अक्षर चांगलं त्याचं साल टिकलं असतं.

चर्चेच्या पानावर मागच्या बाकावरच्यानं लिहिलं, ‘आमची आजी सांगते, अहिल्याबाईंनीच बांधली. ग्रामपंचायतीच्या पाटीवरही तेच आहे.’ हे अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नाही बरं का. अहिल्याबाईंनी विहिरी, घाट, धर्मशाळा खरोखरच ठिकठिकाणी बांधल्या. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर १७८० च्या सुमारास त्यांनीच उभं केलं. पुढच्या बाकावरच्यानं लिहिलं, ‘शिलालेखात शके १६५२ आहे. त्यात ७८ मिळवा.’ त्यावर उत्तर आलं, ‘तो पाच नाही, नऊ आहे. शके १६९२. आता मिळव ७८.’

सर दिवेलागणीला सगळ्यांना बारवेवर घेऊन गेले. झिजलेला लेख वाचायची एक सोपी युक्ती आहे. बॅटरी समोरून मारायची नाही, दगडाला घासून बाजूनं मारायची. मग खोदलेल्या अक्षरांत सावली भरते आणि पेंटखालूनही अक्षर वर येतं. तसं ते आलं. एक आला, सहा आला, शेवटचा दोन आला. मधला आकडा मात्र वरून टवका उडालेला. पाच म्हणा, नऊ म्हणा. फोटो काढून पानावर चढवला आणि वर्गात दोन पक्ष पडले.

आता या वर्गात एक मुलगी होती. सबंध विकीत तिनं एकही वाक्य लिहिलेलं नव्हतं. ती फक्त दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारत फिरायची. (मला अशी माणसं फार आवडतात. घरोघरी एकतरी असावं.) चुका शोधायच्या सवयीनं तिनं लेखाचा फोटो अक्षरन् अक्षर वाचला. दुसऱ्या ओळीत होतं, ‘साधारण नाम संवछरे’. बाकीच्यांनी ‘साधारण’ म्हणजे अंदाजे, असं समजून ती ओळ सोडून दिली होती. हिला तो शब्द कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. घरी जाऊन तिनं पत्र्याच्या ट्रंकेतून थोरल्या काकांची जन्मपत्रिका काढली. पत्रिकेच्या वरच्याच ओळीत, शके १८९२, साधारणनाम संवत्सरे.

संवत्सर म्हणजे पंचांगातलं वर्ष, आणि प्रत्येकाला नाव असतं. ही नावं साठ. साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येतं, हे पंचांग पाहणाऱ्या कोणाही आजोबांना ठाऊक असतं. तिनं १८९२ मधून साठ वजा केले: १८३२. पुन्हा साठ: १७७२. पुन्हा: १७१२. पुन्हा: १६५२. साठच्या उड्यांनी १६९२ वर पायच पडत नाही. तिनं चर्चेच्या पानावर चारही वजाबाक्या एकाखाली एक मांडल्या, सरांनी कुलूप काढल्यावर मुख्य पानावर साल पक्कं केलं, आणि बदलाचं कारण या रकान्यात एकच शब्द लिहिला: ‘वजाबाकी’.

शके १६५२ म्हणजे इसवी सन १७३०. अहिल्याबाईंचा जन्म चौंडीचा, १७२५ चा. म्हणजे तेव्हा त्या पाच वर्षांच्या.

मागच्या बाकावरचा मुलगा काही लेचापेचा नव्हता. त्यानं लिहिलं, ‘पाच वर्षांच्या मुलीनं बारव बांधली असं मी म्हणत नाही. पण नंतर दुरुस्ती केली असेल. आजी उगीच सांगणार नाही.’ आणि त्यानं पानावर नवा भाग उघडला, ‘गावातील समज’, त्यात आजीचं म्हणणं आजीचं म्हणून लिहिलं. तो भाग कोणी खोडला नाही. बांधणाऱ्याचं नाव झिजलेलं आहे, तेही पानावर तसंच नोंदलंय. ग्रामपंचायतीची पाटी अजून अहिल्याबाईंच्याच नावाची आहे आणि सरपंच म्हणतात, निधी आला की बघू.

श्रोतेहो, वेळ गेला खरा, पण विकीबद्दल सांगायचं बरंचसं यात येऊन गेलं. कोणी, कधी, काय. मास्तरांना प्रत्येक मुलाचं काम वेगळं दिसतं. फक्त एक सावधगिरी ठेवा: बदलांची संख्या मोजून गुण देऊ नका. तसं केलंत तर एक स्वल्पविराम घाल, एक काढ, असे पन्नास बदल एका तासात होतील. आमच्या मित्रांनी गुण दिले ते चर्चेच्या पानावर, कोण काय पुरावा घेऊन आलं ते पाहून.

आणखी एक अडचण नेहमी येते. मुलं दुसऱ्याचं वाक्य बदलायला बिचकतात. मैत्रिणीचं लिहिलेलं कसं खोडायचं? मग सगळे आपापलं खाली-खाली जोडत जातात आणि पानाची खोगीरभरती होते. म्हणून पहिल्या दिवशी मुद्दाम चुकांनी भरलेलं एक पान द्यावं, मराठी विकिपीडियावर सरावासाठी असते तशी एक धूळपाटी, आणि सांगावं, हे मोडा. हात मोकळे होतात.

उतरवून काढण्याचं काय? २०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी अभ्यास म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत, असा उपक्रम सुरू झाला. पुस्तकांतून, संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला मजकूर इतका आला की तो निपटता निपटता तिथले स्वयंसेवक थकले, आणि काही महिन्यांतच उपक्रम थांबवावा लागला. मी त्या मुलांना फारसा दोष देत नाही. बालवाडीपासून आपण फळ्यावरचं उतरवून घ्यायलाच शिकवतो, गाइडमधलं उत्तर शब्दशः आलं की पूर्ण गुण देतो, आणि एकोणिसाव्या वर्षी म्हणतो, आता स्वतःच्या शब्दांत लिही. म्हणून म्हणतो, आधी वर्गाचा विकी, जगाचा नंतर. आणि विषय असा द्यावा, जो कुठून उतरवताच येणार नाही. तुमच्या गावची बारव कोणत्या गाइडमध्ये आहे?

हो, आणि मुलांना मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कळांवर शिकवा. रोमन अक्षरं बडवून मराठी लिहिणं ही पळवाट आहे. रागावा माझ्यावर, पण माझं मत हे असंच आहे.

खर्चाचं म्हणाल तर नाहीच जवळपास. महाविद्यालयात मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली असेल तर त्यात विकी आधीच दिलेला असतो. शाळेत डोकुविकी पुरे. त्याला डेटाबेस लागत नाही, सगळं साध्या मजकुराच्या फायलींत राहतं, आणि इंटरनेटवाचून चालतो. बाहेरच्या फुकट सेवेवर विसंबलात तर ती कधी गाशा गुंडाळेल सांगता येत नाही. विकिस्पेसेस नावाची सेवा जगभरचे शिक्षक वापरत होते, ती २०१८ साली बंद पडली. इंटरनेटवर पानं ठेवणारच असाल तर मुलांची पूर्ण नावं, फोटो, मोबाइल नंबर त्यात नकोत. काकांच्या पत्रिकेचा फोटोही त्या वर्गानं चढवला नव्हता, नुसती शकाची ओळ लिहिली.

आणि दर शनिवारी शाळा सुटताना अख्ख्या विकीची एक प्रत पेनड्राइव्हवर. ते काम सरांनी करू नये. ऱ्हस्व-दीर्घ बघणाऱ्या मुलीकडे द्यावं.

नमस्कार.