दहा बाय दहाची खोली

यवतमाळ जिल्ह्यातलं हे एक घरकुल. समोरची खोली दहा बाय दहा फुटांची. आत आंदणात आलेला दिवाण, आंदणातलीच लोखंडी आलमारी, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, कोपऱ्यात तुरीची पोती आणि एकुलती खिडकी अडवून बसलेला कूलर. पाहुणा आत आला की घरधनी दारात उभा राहतो, कारण दुसरीकडे उभं राहायला जागाच नाही.

पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला स्वयंपाकाच्या जागेसकट किमान २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. अनुदानाच्या पैशात याहून फार मोठं घर उभं राहत नाही. तेव्हा भिंती आहेत तिथंच राहणार.

पण याच गावातली मातीची घरं तरी कुठं मोठी होती? ती अशी गच्च वाटत नसत, एवढंच. जुनी भिंत चांगली दीड-दोन हात जाड. तिच्या पोटात कोनाडे, दिवळ्या, फडताळ. कपडे वळणीवर, दह्याचं मडकं शिंक्यात, बी-बियाणं माळ्यावर. बाजसुद्धा सकाळ झाली की भिंतीला उभी. नव्या घराची भिंत विटेची, चार नाही तर नऊ इंची. तिच्या पोटात काही मावत नाही. मग भिंतीतला संसार जमिनीवर उतरला आणि खोली भरून गेली.



खोली न वाढवता मोकळी कशी ठेवायची, हे पाहायला विदर्भातल्या माणसाला फार लांब जायला नको. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हेच पुढे सेवाग्राम झालं. घराचा खर्च पाचशे रुपयांच्या आत आणि सामान आसपास मिळेल तेच, ही त्यांची अट. माती, बांबू, कवेलू म्हणजे कौलं. तिथल्या त्यांच्या बापू कुटीत बैठक जमिनीवर, लिहायचं मेजही बसक्या उंचीचं. बसल्यावर नजर खाली येते, म्हणून डोक्यावरचं छप्पर उंच वाटतं. भिंतीवर सजावट आहे, पण ती मातीतच उठवलेली. जागा एक बोटही खात नाही.

आता परत आपल्या घरकुलात. इथं पहिला अडथळा आलमारीचा. ती दारासमोरच उभी आहे, त्यामुळे आत पाऊल टाकताच नजर तिच्यावर आपटते. तीच दारामागच्या कोपऱ्यात सरकवली, तर दारातून थेट समोरची भिंत दिसेल. पण घरची माय लगेच तयार होत नाही.

"माह्या भावानं देल्ली हाये. दाराआड ठेवली त त्याले काय वाटन?"

आंदणाचा मान मोठा असतो, वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण थोरल्या लेकानं आलमारी सरकवून दाखवली, आणि माय दारात उभी राहून बराच वेळ आत पाहत राहिली. आलमारी परत हलली नाही.

पुढचं काम सज्ज्याचं. दाराच्या वर, दोन भिंतींना धरून दीड फुटाची फळी. पावसाळी कांबळी, मोठे गंज म्हणजे पातेली, पाहुण्यांच्या गाद्या वर गेल्या. पोती मात्र वर चढवायची नाहीत. नऊ इंची भिंतीवरही तेवढं ओझं नको. ती खाटल्यावर, मागच्या खोलीत.

मग रंग. आपल्याकडे अर्ध्या भिंतीपर्यंत गडद ऑइल पेंट आणि वर फिका रंग देण्याची हौस आहे. डाग दिसत नाहीत हे खरं, पण त्या आडव्या पट्ट्यानं भिंत मधोमध कापली जाते आणि खोली बुटकी दिसते. इथं खालपासून स्लॅबपर्यंत एकच पांढरा चुना मारला, नीळ टाकून.

उजेडाच्या बाबतीत शहरातले सल्ले जरा जपूनच घ्यावेत. मोठ्या काचा, उघड्या खिडक्या हे तिकडे ठीक. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर गेला की पश्चिमेचा उजेड म्हणजे सरळ आगच. म्हणून आरसा उत्तरेच्या खिडकीसमोर लावला, पश्चिमेच्या दारासमोर नाही. कूलर स्टँडवर बाहेर काढला. खिडकीच्या खालच्या अर्ध्यात त्याचं तोंड, वरच्या अर्ध्यातून उजेड. समोरचं दार किलकिलं ठेवावं लागतं; आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसता चिकचिकाट करतो.

राहता राहिला कापूस. दसऱ्याच्या मागेपुढे वेचा सुरू झाला की भाव येईपर्यंत तो याच खोलीत रचला जातो, अगदी स्लॅबपर्यंत. अंगाला खाज सुटते, तरी माणसं त्याच्याच शेजारी झोपतात. यंदा मायनं सपरीकडे, म्हणजे बाहेरच्या छपरीकडे, बोट दाखवून बजावून ठेवलंय.

"औंदा कापूस सपरीत. ताडपत्री टाकून राहू द्या."

"अन् पाणी आलं त?" घरधन्याचा प्रश्न.

"त मंग दिवाण सपरीत जाईन, अन् कापूस अंदर."