जॉबकार्डवर तुमचं म्हणणं पूर्ण लिहून घ्या

नमस्कार श्रोतेहो. आज नव्या गाड्यांबद्दल बोलायचंय, नव्या म्हणजे जिचे हप्ते अजून फिटायचेत अशी गाडी आणि तिचं इंजिन चालता चालता अचानक बंद पडतं, त्याबद्दल.

आपल्या सातारकरांना खंबाटकी काही नवीन नाही. पुण्याहून येताना तो चढ, मागं भरलेले ट्रक, आणि अशात इंजिन गेलं तर काय होतं बघा. स्टीअरिंग जड होऊ शकतं, ब्रेकला बूस्टरची मदत एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच उरते, नंतर पेडल दगडासारखं लागतं. म्हणून ब्रेक सारखा सोडून सोडून मारायचा नाही, एकदाच जोर लावून दाबून धरायचा, चारी इंडिकेटर लावायचे, गाडी डावीकडं घ्यायची, आणि पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही कारण स्टीअरिंग लॉक होतं. चढावर असाल तर हँडब्रेक लगेच. हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा.

आता नव्या इंजिनाला होतं काय? काही वेळा बिअरिंग जातं. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा, तो ज्याच्यावर टेकून फिरतो ते बिअरिंग, आणि या दोघांमधे ऑइलचा केसाहून पातळ थर असतो, सगळा भार त्याच्यावर. ऑइल यायला क्रँकमधे भोकं पाडलेली असतात, ती पाडताना निघालेली बारीक चिप आत राहिली की ऑइलबरोबर फिरते आणि बिअरिंग घासत बसते. आपल्या एमआयडीसीत डीबरिंगवर, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडांवरची बारीक कूस काढायचं, काम करणाऱ्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. असल्या गाडीचं काढलेलं ऑइल बोटावर घेऊन उन्हात धरलं तर बारीक चमचम दिसते, ती बिअरिंगची झीज. मग खालून ठकठक चालू होते, आणि एक दिवस इंजिन सीझ, म्हणजे आतून पूर्ण जाम.

आणि हे मोठमोठ्या कंपन्यांचं झालंय बरं का. टोयोटानं २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत टंड्रा आणि लेक्सस मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण हेच, मशिनिंगचा कचरा इंजिनात राहिला. ह्युंदाईनं त्याआधी २०१५ मधे सोनाटाच्या ४ लाख ७० हजार गाड्या बोलावल्या, तिथंही क्रँकच्या मशिनिंगमधलाच कचरा. पुढं ठपका आला की रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावणं, वेळेत केले नाहीत, आणि २०२० मधे ह्युंदाई आणि किया मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड झाली. माहिती बाहेर काढली ती ह्युंदाईतच काम केलेल्या एका कोरियन इंजिनिअरनं, त्याला अमेरिकन सरकारनं २०२१ मधे २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं. नोकरी पणाला लावून बोलला तो माणूस, मला त्याचं फार मोठेपण वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी केस जनरल मोटर्सची. त्यांच्या ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाची चौकशी अमेरिकेच्या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेनं २०२५ च्या जानेवारीत सुरू केली, तेव्हा संस्थेकडं वाहनमालकांच्या तक्रारी होत्या फक्त ३९. एप्रिलमधे रिकॉल झाला, अमेरिकेत जवळपास ६ लाख गाड्या, आणि तेव्हा कळलं की कंपनीच्या स्वतःच्या नोंदीत या बिघाडाशी संबंध असू शकेल अशी २८,१०२ प्रकरणं होती, त्यातली १४,३३२ चालत्या गाडीची ताकद गेल्याची. म्हणजे हजारो लोकांनी शोरूममधे सांगितलं, सरकारपर्यंत मात्र मूठभरच पोचले. आणि त्या मूठभरांच्या कागदावर चौकशी उभी राहिली!

आपल्याकडं तर लोक शोरूमच्या काउंटरवरच मिटवून टाकतात. सुपरवायझर म्हणतो, सर स्कॅनर लावला, काही कोड येत नाही, चालू झाली ना आता, आणि जॉबकार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना तुमची तक्रार लिहून सही घेतात त्या कागदावर, लिहितो "जनरल चेकअप". आपण सही करून मोकळे. हे करू नका हो. तिथं लिहायला लावा की अमुक तारखेला, इतक्या किलोमीटरला, इतक्या स्पीडला इंजिन बंद पडलं, लाइट कुठली लागली, आवाज आला का. लिहीत नसतील तर तेच ईमेलनं पाठवा. ऑइल बदललं असेल तर कुठल्या ग्रेडचं टाकलं ते बिलावर येऊ द्या, नाहीतर उद्या म्हणतील तुमचाच मेन्टेनन्स नीट नव्हता.

आणि कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०ए आलं, सुरक्षेला धोका असलेल्या गाड्या परत बोलवायचा आदेश सरकार देऊ शकतं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाडीला ते चालतात, कंपनीनं स्वतःहून गाड्या बोलावल्या नाहीत आणि सरकारला आदेश द्यावा लागला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. पण चौकशी सुरू व्हायला एकाच मॉडेलच्या ठरावीक संख्येनं तक्रारी जमाव्या लागतात, आणि त्या जमणार सरकारच्या वाहन पोर्टलवर, शोरूममधे भांडून नाही. तेव्हा तक्रार टाकताना आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बघून भरा, जॉबकार्डचा फोटो जवळ ठेवा, आणि तुमचंच मॉडेल घेतलेला कोणी ओळखीतला असेल, कराडला, वाईला, सांगलीला, तर त्याला फोन करून विचारा तुझ्या गाडीला असं कधी झालंय का, झालं असेल तर त्यालाही तक्रार भरायला लावा.