छत्री कुठे बघते

(पाऊस. कौलांवरून पागोळ्या. आवाज तसाच राहू दे, निवेदन पाच सेकंदांनी सुरू.)

देवगड तालुक्यातलं हे घर. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, पडवीच्या कोपऱ्यात टीव्ही. आता स्क्रीनकडे बघा, बातम्या देणारीचा चेहरा अर्धा गोठलाय, उरलेल्या अर्ध्याचे चौकोन झालेत, आवाज तुटतोय, आणि मग दोनच शब्द. नो सिग्नल.

छपरावर तो जुना काट्यांचा अँटेना अजून उभा आहे, गंजलेला, कावळा बसलाय त्यावर. त्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही बातम्या कळायच्या, वर एक जण अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, आलं, आलं, गेलं. दूरदर्शनचे ते ॲनालॉग ट्रान्समीटर 2022 पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. डिजिटलला मुंग्या येत नाहीत. सिग्नल खाली खाली जात असतो तरी सेट-टॉप बॉक्स चुका दुरुस्त करून चित्र एकदम स्वच्छ दाखवत राहतो, आणि दुरुस्तीची हद्द संपली की सगळं एकदम जातं. त्यामुळे काल छान दिसत होता आणि आज बंद पडला म्हणजे बॉक्सच गेला, असं घरच्यांना वाटतं. या घरातही गेल्या पावसात कुणीतरी नवीन बॉक्स गळ्यात मारला. पैसे गेले, टीव्ही या पावसात पुन्हा बंद.

घरात डीडी फ्री डिश आहे, म्हणजे उपग्रहावरून येणारी दूरदर्शनची सेवा. डिसेंबर 2004 पासूनची ही सेवा, महिन्याचा रिचार्ज नाही, छत्री, म्हणजे ती डिश, नि बॉक्स एकदा घेतला की झालं.

(क्लोजअप: रिमोट, मग बॉक्सचा मेनू.)

छत्रीवाले दादा आलेत, पण अजून वर चढले नाहीत, आधी रिमोट मागितला. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतायत, वरची स्ट्रेंथ, खालची क्वालिटी. स्ट्रेंथ 82 आहे आणि लोक इथेच फसतात, सिग्नल तर फुल आहे म्हणतात. छत्री भलतीकडे बघत असली तरी स्ट्रेंथ बऱ्यापैकी दिसू शकते, कारण त्यात नुसता गोंगाटही मोजला जातो. बघायची ती क्वालिटी, आणि ती इथे 9 आहे.

आता बॉक्सची वीज बंद केली, हे महत्त्वाचं. या वायरीतून वर एलएनबीला, म्हणजे छत्रीवर सिग्नल पकडणाऱ्या डब्याला, 13 किंवा 18 व्होल्ट जातात, बॉक्स चालू ठेवून पिन काढली आणि तार कुठे टेकली तर मात्र खरंच बॉक्स जाईल.

(क्लोजअप. हा शॉट पूर्ण वापरायचा.)

ही छत्रीकडची पिन. आतली तांब्याची तार लाल चकचकीत दिसायला हवी, ती हिरवी पडलीय. भोवतीची जाळी काळी झालीय, आणि वायर वाकवल्यावर हे बघा, थेंब. पाणी पिनेतून शिरून वायरीच्या आतून खाली उतरतंय. दादांनी वीतभर वायर कापून टाकली, साल काढली, जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागत नाही ना ते डोळ्यांजवळ धरून बघितलं, नवीन पिन घट्ट फिरवली आणि वरून रबरी टेप ताणून गुंडाळली. पिनेच्या आधी वायरीला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी झोळातून ठिबकतं, पिनेपर्यंत येतच नाही. खर्च म्हणाल तर एक पिन आणि टेप.

छत्रीच्या दांड्यावरचा हा एलएनबी. त्याच्या टोपणावर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. सुकी होती तोवर चाललं असेल, पावसात माती भिजली की तिच्यातलं पाणी सिग्नल गिळतं. ओल्या फडक्याने हळूच पुसलं, टोपणाला चीर नाही, नशीब.

बॉक्स पुन्हा चालू केला, तरी क्वालिटी 21 च. म्हणजे नेम हललाय.

(लाँग शॉट: छत्री, मागे फणस, ढग.)

ही छत्री बघते जीसॅट-15 या उपग्रहाकडे, विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्वेला, सुमारे 36,000 किलोमीटर वर. देवगडातून ती दिशा आग्नेय, कंपासवर सव्वाशेच्या जरा पुढे, आणि उंची क्षितिजापासून साठ अंश. पण छत्री तेवढी वर वळलेली दिसत नाही, कारण हा दांडा मधोमध नसून खालून येतो, त्यामुळे तिचं तोंड पस्तिसेक अंशांवरच वाटतं. हे माहीत नसलं की माणूस छत्री आभाळाकडे करतो आणि तासभर फिरवत बसतो. साठ सेंटीमीटरच्या छत्रीची कड एक सेंटीमीटर सरकली की नेम जवळपास दोन अंशांनी चुकतो, तिकडे वर हजार किलोमीटरहून जास्त. वाऱ्याने एक नट ढिला झाला तर एवढं सहज सरकतं.

बॉक्समध्ये टीपी, म्हणजे उपग्रहावरून येणारा कुठला सिग्नल शोधायचा ते, भरलं: 11090, व्हर्टिकल, 29500. नट अर्धवट सैल. दादा छत्री बोटभर हलवतात, दोन सेकंद थांबतात, बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो म्हणून थांबायचंच. पडवीतून आजी स्क्रीन वाचतायत.

"वायच फिरव रे. आजून वायच. इली, इली! आता हलव नको!"

(आजींचा चेहरा. निवेदन नाही. दहा सेकंद.)

क्वालिटी 71. आता नट एकेक करून आवळायचे, आवळताना पुन्हा हलते म्हणून प्रत्येक नटानंतर आकडा बघायचा.

फणसाची ती फांदी अजून वाटेत नाही, दोन वर्षांत येईल, तेव्हा छत्री जागेवरून हलवावी लागेल. आणि मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं चित्र जाणारच, कारण अडीच-पावणेतीन सेंटीमीटर लांबीच्या या लहरी पावसात विरतात, तेव्हा कुणी छत्रीला हात लावू नका. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं जातं तेही तसंच, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. चार-पाच चॅनलच गायब झाले आणि बाकीचे नीट असले तर आधी मेनूतून ऑटो स्कॅन करा, चॅनलच्या जागा बदलत असतात.

दादा उतरलेत. सूनबाई शिडीवर चढल्यात, हातात लाल नेलपॉलिशची बाटली, क्लॅम्प आणि दांडा जिथे भेटतात तिथे आरपार एक रेघ ओढली, पुन्हा सरकली तर रेघ जुळवायची. खाली टीव्हीवर सह्याद्री लागलंय, हवामान सांगतायत, आणि सर पुन्हा आली.